राहण्याचा पत्ता

वकीलबाईंनी फाईलची नाडी सोडली आणि कागद टेबलावर एकाशेजारी एक मांडले. समोर सासू आणि सून बसल्या होत्या. मधल्या रिकाम्या खुर्चीवर दोघींच्या पिशव्या होत्या.

"हा तुरुंगाचा अहवाल. वागणूक चांगली आहे, सुतारकाम शिकलाय, असं लिहिलंय. हा पोलिसांचा. त्यांची हरकत नाही. आणि हा तुमचा."

"आमचा कशाला?" म्हातारीने विचारलं. "गुन्हा त्याने केला, शिक्षाही तोच भोगतोय."

"पॅरोलवर सोडायचं तर तो कुठे राहणार, कुणाजवळ, हे सुटका ठरवणारं मंडळ आधी बघतं. घरच्यांनी हो म्हटल्याशिवाय पुढे काही हलत नाही."

म्हातारीने चष्मा लावून कागद डोळ्यांजवळ नेला, मग लांब धरला. "ही भाषा वाचून आपणच आरोपी असल्यासारखं वाटतं."

वकीलबाई हसल्या. सून हसली नाही. भांडणात शेजाऱ्याच्या डोक्यात फावडं घालून तिचा नवरा आत गेला, तेव्हा मुलगी रांगत होती. आता ती आईच्या खांद्याला लागली होती. एवढ्या वर्षांत प्रत्येक भेटीला सून सासूला घेऊन जायची. आत मात्र म्हातारी एकटीच जाई. सून बाहेरच्या बाकावर बसून राही.

वकीलबाईंनी पेनाचं टोक एका ओळीवर टेकवलं. "घरात कुणाला त्याची भीती वाटते का?"

"छे, भीती कसली? पोटचा पोर आहे माझा."

"आजी, मी ताईंना विचारतेय."

पंख्याने कागद फडफडत होते. सुनेने समोरचा कागद तळहाताने दाबला आणि हात तसाच ठेवला.

"खरं लिहावं लागतं का?"

"हो."

"आणि ते त्याला कळतं?"

"प्रत त्यालाही मिळते."

म्हातारी सुनेकडे बघत राहिली. दोन खोल्यांचं घर ते. तो घरी होता तेव्हा भिंतीपलीकडचं सगळं तिला ऐकू यायचं. तिने चष्मा काढला, डबीत ठेवला, डबी मिटली.

"बाई, पत्ता दुसरा दिला तर चालतो?"

"चालतो. पण तिथे त्याच्याबरोबर राहणारं जबाबदार माणूस हवं."

"मग माझ्या भावाच्या घरामागची खोली लिहा. आणि माणूस म्हणून मला लिहा."

"आजी, तुम्हाला घर सोडावं लागेल. या वयात."

"माझं लेकरू आहे, मी निस्तरीन. ते घर हिचं आणि नातीचं." म्हातारीने सुनेच्या हाताखालच्या कागदाकडे बोट केलं. "मग तो प्रश्न हिला विचारायला नको ना?"

वकीलबाईंनी खणातून कोरा फॉर्म काढला.

"नाही. मग नाही विचारत."

म्हातारीने सही केली, एकेक अक्षर कोरल्यासारखी. सुनेचा हात अजून जुन्या कागदावरच होता. वकीलबाईंनी तो कागद हलकेच ओढून घेतला.

जिना अरुंद होता. दोघी उतरू लागल्या. वळणावर सून थांबली.

"आई, त्या खोलीत नळ आत आहे का?"

"आत कुठला. बाहेर, अंगणात."

"मग पिंप लागेल. रविवारी येते मी, जागा बघायला."

ती एक पायरी खाली उतरली आणि मागे न बघता तिने सासूच्या आधाराला हात वर धरला.