चंद्रीचा पान्हा

“म्हैस तिकडं लाथा झाडून राहिली अन् ही राणी इकडं खाटेवर! सोंग हाय निव्वळ, सोंग!”

बेबीताईचा हा स्वर कुंपण ओलांडून माझ्या देवघरापर्यंत आला. मी नैवेद्याच्या दुधाची वाट पाहत बसलो होतो. विठोबा माझा शेजारी; हिंदी मुलखातल्या पनागरपासून दोन कोसांवर आमची दोन घरे एकाच कुंपणाला टेकून उभी आहेत. बेबीताई त्याची थोरली बहीण. भावजय नर्मदा आजारी पडली म्हणून घर सांभाळायला ती शहरातल्या कांचघरहून आली होती. परंतु सांभाळण्याहून तिचे बोलणेच अधिक चाले.

नर्मदेचा आजार गावाच्या समजुतीत बसणारा नव्हता. पौषात, मटारच्या तोडणीच्या ऐन धांदलीत, ती शेंगांच्या ढिगाजवळ गोणी शिवायला बसली आणि उठलीच नाही. सुई हातात, डोळे उघडे. हाक मारली तर ओ देई, परंतु हात उचलेना. “दुखत काहीच नाही,” एवढेच ती म्हणाली, “होत नाही फक्त.” दुसऱ्याच दिवशी शहरातल्या डॉक्टरांनी सर्व तपासण्या करून सांगितले की हिला वेगळा रोग नाही, हिचे बळच संपले आहे, तीन महिने कसलेही काम देऊ नका. विहीर तळापर्यंत उपसली म्हणजे पाझर फुटायला वेळ द्यावा लागतो, हे शेतकऱ्याला शिकवावे लागत नाही. परंतु घरातल्या बाईला तोच न्याय कोण लावतो?

पहाटे तीनला उठून धार, मग शाळेतल्या मुलांचा स्वयंपाक, दुपारी शेत, आणि या सर्वांवर सहा वर्षे अंथरुणाला खिळलेली सासू. दसऱ्याच्या सुमारास सासू गेली, तेव्हा तेराव्याच्या पुऱ्याही नर्मदेनेच लाटल्या. रडायला तिला सवड मिळाली नाही.

मी त्यांच्या दारी गेलो. विठोबा रिकामी बादली घेऊन उभा होता.

“गुरुजी, तुम्हीच सांगा हिले. दोन दिवस झाले, चंद्री पान्हा सोडून नाही राहिली. हिच्याशिवाय कोणाचा हातच चालत नाही तिले. कास दगडावानी झाली. फक्त येऊन बस म्हणतो, दुसरं काही नको करू.”

“तेच तं! अरे भैया, बसायले काय ताकद लागते?” बेबीताई म्हणाली. “माह्या सासूनं बाळंतपणाच्या चौथ्या दिवशी जातं ओढलं होतं.”

“अन् पंचेचाळिशीत गेल्या नं त्या, ताई,” खाटेवरून क्षीण उत्तर आले.

इतक्यात गोठ्यातून चंद्री हंबरली. नर्मदेचे पाय आपोआप जमिनीवर आले. ती चौकट धरून उभी राहिली. उजव्या हाताची बोटे सड धरल्यासारखी वळलेली मी पाहिली. क्षणभर वाटले, गेली ही गोठ्यात. मग ती सावकाश पुन्हा खाली बसली.

“नाही. आज चंद्रीपाशी बसले, तं उद्या चुलीपाशी बसीन, परवा मटारात. मले माहीत हाय मी कशी हाव ते.”

“मंग म्हैस मरू देऊ काय?” विठोबाने विचारले.

“मरू काहून द्यायची? दोरीवरचं माहं निळं लुगडं घ्या. धुतलं नाही ते अजून. चंद्रीले मी कुठं कळते? माहा वास कळते.”

“हे राम!” बेबीताईने कपाळावर हात मारला. “आता मर्द लुगडं नेसून धार काढन! पनागरात तोंड दाखवशील काय रे?”

विठोबाने माझ्याकडे पाहिले. मी आयुष्यभर मुलांना संस्कृत शिकवले. अशा वेळी एखादे वचन सुचायला हवे होते. सुचली ती केवळ लाज.

“विठोबा,” मी म्हणालो, “अठरा वर्षे हिच्या हातचे दूध मी देवापुढे ठेवले. ही किती वाजता उठते, हे एकदाही विचारले नाही. तू नेस. मी वैरण धरतो.”

पायजम्यावरच लुगडे गुंडाळून, डोईवर पदर घेऊन तो चंद्रीच्या कुशीला बसला. तिने हुंगले, एक लाथ झाडली, पुन्हा हुंगले.

“घाई नका करू!” घरातून आवाज आला. “आधी पाठ थोपटा. बोलत राहा तिच्याशी.”

“काय बोलू?”

“जे माह्याशी नाही बोलले, ते बोला.”

विठोबाने कपाळ म्हशीच्या पोटाला टेकवले. तो काय पुटपुटला ते मी ऐकले नाही, ऐकणे योग्यही नव्हते. पुष्कळ वेळ गेला. मग बादलीत पहिली धार वाजली. अर्ध्यावरच त्याची बोटे वळून गेली.

“हे रोज करत होती तू?”

“दोन टाइम.”

पुढे महिनाभर दूध संकलन केंद्रावर त्याचे स्वागत “आइए भाभीजी!” असेच होई. तो मान खाली घालून माप देई आणि परत येई. बेबीताई आठ दिवसांत कंटाळून कांचघरला गेली. शाळेचा स्वयंपाक दुसऱ्या बाईने धरला. नर्मदा आधी उन्हात बसू लागली, मग बांधापर्यंत चालू लागली. एके दिवशी सासूचे पांघरूण उराशी धरून ती सकाळपासून दिवेलागणीपर्यंत रडली. विठोबाने तिला अडवले नाही.

चैत्रात एका पहाटे मी फुले तोडत असताना ती गोठ्यात शिरताना दिसली. जुन्या सवयीने उठवले असावे. ती बसली, पाठ थोपटली, सडाला हात लावला. चंद्रीने हुंगले आणि अंग चोरून बाजूला सरली. पान्हा सुटेना.

“मले परकी केलं व्हय गं?”

तेवढ्यात निळे लुगडे खांद्यावर टाकून विठोबा आला आणि तिला पाहून घाबरला. “म्या नाही शिकवलं तिले, नर्मदे. मायची आन, नाही.”

ती उठून कुंपणाशी आली. आपल्या दोन्ही हातांकडे, कोणाचे तरी दुसऱ्याचे असावेत तशी, पाहत राहिली.

“गुरुजी, मंग मी आता करू काय?”

तोवर विठोबा लुगडे गुंडाळून धारेला बसला होता. उत्तर म्हशीच्या कुशीतून त्यानेच दिले.

“झोप ना.”

 ती आत गेली आणि तिने दार लोटून घेतले. उन्हे अंगणात उतरली तरी ते उघडले नाही. तिची झोप मोडू नये म्हणून मी घंटा वाजवायचा थांबलो; त्या दिवशी नैवेद्याला उशीर झाला. देवाने तक्रार केली नाही.