टार्नविकची गटारं

टार्नविक शहरातल्या गटारांना किती उतार आहे, हे मला झोपेतून उठवून विचारा, सांगतो. शंभर फुटांमागे सव्वा फूट. कातडी कमावणाऱ्यांच्या आळीत थोडा जास्त, कारण तिथली घाण जड. अशी आळी या पृथ्वीवर कुठेही नाही. ती आमच्या तळघरात आहे, टेबल टेनिसच्या टेबलावर, चार फूट रुंद कागदावर. गावातल्या कागद गिरणीत मी एकतीस वर्षं पाळ्या करतोय. रोल संपत आला की शेवटचा तुकडा रद्दीत जातो, तो मी घरी आणतो. दुसऱ्यांचे नवरे घरी दारू आणतात, माझा कागद आणतो, असं आर्डिस सगळ्यांना सांगते. आर्डिस माझी बायको.

आमचा खेळ सोपा आहे. एक जण जग सांगतो, बाकीचे त्या जगातली माणसं होतात आणि काय करणार ते बोलतात. जमेल की नाही असा प्रश्न आला की वीस बाजूंचा फासा टाकायचा. आमच्याकडे जग सांगणारा मी. साठी ओलांडलेल्या माणसांना हे शोभतं का, असं विचारणाऱ्यांना मी उत्तर देणं सोडलं आहे. गावातली बाकीची शोभणारी माणसं मासे धरायला तळ्यावरच्या बर्फाला भोक पाडून दिवसभर त्यात बघत बसतात.

तर टार्नविक. चार वर्षं लागली. अकरा पेठा, तीन बाजार, नावानिशी तीनशे चाळीस माणसं. कुठल्या भटारखान्याचा पाव वजनाला कमी भरतो, घंटा वाजवणाऱ्याचा कुठला गुडघा दुखतो, कुठल्या विहिरीचं पाणी मचूळ झालं आणि कधीपासून, सगळं लिहिलेलं. दोनशे बारा पानं. पाळीवरून यायचं, बूट काढायचे, खाली जायचं. डोळे मिटायला लागले तरी एखादी गल्ली पुरी करायची. कंटाळा यायचा का? यायचा. पण थांबलो तर वर जाऊन फोन उचलावा लागला असता.

फोन व्हर्लिनला करायचा होता. व्हर्लिन माझ्याहून सात वर्षांनी मोठा, जन्मभर दुधाचा टँकर चालवलेला माणूस. आमच्या टेबलावर बावीस वर्षं तो ओडा होता. ओडा म्हणजे साडेचार फुटी, एका पायाने अधू चोरटी बाई, खिशात कायम चीजचा तुकडा. चार वर्षांपूर्वी एका शनिवारी ओडाला एका कुलपातली विषारी सुई टोचली. व्हर्लिनने फासा टाकला. तीनच्या वर काहीही आलं असतं तरी ती वाचली असती. एक आला.

आमच्याकडे फासे सगळ्यांसमोर पडतात आणि पडलं ते पडलं. हा नियम मीच केलेला. पण सांगणारा मी होतो. विष जुनं होतं, उडून गेलं होतं, असं म्हटलं असतं तर कुणी माझी मान धरली नसती. व्हर्लिनची बायको जोलीन जाऊन तेव्हा दोनच आठवडे झाले होते. तो माणूस मरणापासून चार तास सुटका मिळावी म्हणून आमच्याकडे आला होता, आणि मी म्हणालो, "पडलं ते पडलं."

व्हर्लिन "बरं" म्हणाला. कॉफीचा मग विसळून पालथा घातला, कोट चढवला, आणि गेला. परत आला नाही. भांडण नाही, शब्द नाही. आमच्याकडे भांडत नाहीत, त्यापेक्षा बर्फाविषयी बोलतात. वाणसामानाच्या दुकानात तो भेटायचा, यंदा बर्फ लवकर पडला म्हणायचा, मी हो म्हणायचो. दोघंही मूग गिळून आपापली ढकलगाडी घेऊन निघायचो.

मग मी ठरवलं की त्याला एक शहर द्यायचं. असं शहर, की त्याने यावं आणि राहावं. शहर तयार झालं की फोन करू. आधी तटबंदी होऊ दे. मग बाजार. मग म्हटलं, गटारांशिवाय कसलं शहर!

"अरे, फोनला दोन मिनिटं लागतात," आर्डिस जिन्यावरून म्हणायची. "रोमसुद्धा एवढ्यात बांधून झालं असतं."

"होतच आलंय."

"गेल्या ईस्टरलाही होतच आलं होतं. नमनालाच घडाभर तेल ओततोयस तू, ऑरिन. नाटक कधी करणार?"

नोव्हेंबरात लवॉन दुकानात भेटली. लवॉन शाळेत नर्स होती, तीस वर्षं मुलांची डोकी उवांसाठी तपासली, आता आमच्या टेबलावर लोकांची डोकी फोडते. तिने चीजच्या फडताळासमोरच सांगितलं, "व्हर्लिन घर विकतोय. कळलं ना? नाताळ झाला की लेकीकडे चाललाय. ॲरिझोनाला."

मी घरी आलो, कोटही न काढता फोन केला. वरातीमागून घोडं, पण केला.

"शिकारीच्या पहिल्या शनिवारी," मी म्हणालो. "येशील?"

"मी कुठे हरणं मारतो?" व्हर्लिन म्हणाला. "येईन की. काय आणू?"

"काही नको."

"मग चीजचे गोळे आणतो."

हरणांच्या शिकारीचा मोसम उघडला की गाव ओस पडतं. उरतात ते म्हातारे, बायका आणि आम्ही. दुपारी एकला सगळे तळघरात जमले. लवॉनने हॅम सँडविच आणली. पाओ औषधांच्या दुकानातून थेट आला. हा पाओ सोळा वर्षांचा असताना आमच्याकडे आला. त्याच्या आईने दारात उभं राहून, इथे दारू पितात का, असं विचारलं होतं. लाओसच्या डोंगरांतून इथे आलेल्या ह्मोंग लोकांच्या घरातला मुलगा, थोरांना नावाने हाक मारणार नाही. आता चाळिशी आली तरी मी ऑरिनकाकाच.

शेवटी व्हर्लिन. बारीक झाला होता. बूट पायपुसण्यावर नीट जोडून ठेवले, खाली आला आणि आपल्या जुन्या खुर्चीवर बसला. लवॉनने चीजचे गोळे तोंडात टाकले आणि ते दातांखाली करकर वाजले, म्हणजे ताजे होते.

"नवं माणूस कोण आहे तुझं?" मी विचारलं.

"ठरवलं नाही अजून. सध्या नुसता आलोय."

मी सुरुवात वाचली. तीन पानं होती. धुकं, उत्तरेचा दरवाजा, जकात, घंटा, बाजारातली आग. माझाच आवाज मला थकलेला वाटत होता. तिसऱ्या पानावर पाओने हळूच सँडविच उचललं.

"मी आत जाते आणि सूप कुठे मिळतं विचारते," वाचन संपायच्या आत लवॉन म्हणाली.

"अगं, बाजारात आग लागलीय!"

"लागू दे ना. उपाशीपोटी कोण आग विझवतं?"

"काकू, सूप मी बघतो, तुम्ही माणसं मारा," पाओ म्हणाला.

हे नेहमीचं आहे. शहर बांधावं आणि लोकांनी दारातच सूप मागावं. मी सुपाचं दुकान दिलं, मालकिणीचं नाव दिलं. मग त्यांना कोपऱ्या-कोपऱ्याने चौकाकडे ढकलत नेलं, कारण चौकात व्हर्लिनसाठी ठेवलेली गोष्ट होती. एकशे सत्तावन्नावं पान. ते मी आठ वेळा लिहिलं होतं.

"चौकाच्या मधोमध एक पुतळा आहे," मी वाचलं. "काशाचा. एका बाईचा. तिचा एक पाय जरा आखूड आहे. खाली लिहिलंय, ओडा, जिने या शहराला तीनदा वाचवलं."

पाओने खाणं थांबवलं. लवॉन माझ्याकडे बघत राहिली. मी व्हर्लिनकडे बघत होतो. चार वर्षं मी या क्षणासाठी थांबलो होतो, आणि आता मला पाणी प्यावंसं वाटत होतं.

"छान," व्हर्लिन म्हणाला. "उंची किती?"

"नऊ फूट."

"ती साडेचार होती."

लवॉन फिसकन हसली. व्हर्लिनही जरा हसला. मग त्याने नकाशा आपल्याकडे ओढला, चष्मा कपाळावर चढवला आणि एकेका पेठेवरून बोट फिरवत गेला. बराच वेळ गेला.

"तिला पुरलंय कुठे?" त्याने विचारलं.

मी पानं उलटली. देवळांची यादी बघितली. उत्तर पेठ, नदीकाठ, तटाबाहेरची शेतं. मला ठाऊक होतं की सापडणार नाही, तरी उलटत राहिलो. तीनशे चाळीस माणसं, कुत्री पकडणारे दोघं, सुतारांच्या संघाचे सहा नियम, आणि मेलेल्याला ठेवायला वीतभर जागा नाही. चार वर्षांत एकदाही दफनभूमी माझ्या मनात आली नव्हती. आली असेल तर मी तिला आत येऊ दिलं नव्हतं.

"इथे कुणी मरतच नाही का, काका?" पाओने हळू विचारलं.

एरवी मी क्षणात काहीतरी ठोकून दिलं असतं. उत्तर दरवाजाबाहेर टेकडी आहे, तिच्यावर भुर्जाची झाडं आहेत, संपलं. तीस वर्षं तोच माझा धंदा. पण या वेळी हातातली पानं खाली ठेवली.

"मी ती केलीच नाही," मी म्हणालो. "व्हर्लिन, त्या दिवशी मी म्हणू शकत होतो की विष जुनं होतं. जोलीनला जाऊन दोन आठवडे झाले होते, आणि मी नियम सांगत बसलो. मला माफ कर."

व्हर्लिनने चष्मा खाली घेतला.

"म्हणाला असतास तर मला कळलं असतं," तो म्हणाला. "बावीस वर्षं तुझ्यासमोर बसलोय. थाप मारताना तू नाक खाजवतोस."

"मग तू गेलास का?"

"फाशाचं मला काही वाटलं नाही रे. ते दोन आठवडे सगळे माझ्याशी गोड बोलत होते. किती शांत दिसतेय, आता तरी सुटली बिचारी. अंत्यविधीनंतरच्या जेवणातलं हॅम खात खात. सरळ बोलणारा तू एकटा निघालास. मला बरंच वाटलं." तो थांबला. "मग घरी गेलो. मी इथून गेलो की जोलीन विचारायची, कोण मेलं आज? भांडी घासता घासता. तिला या खेळातलं काडीचं कळत नव्हतं, पण विचारायची, आणि मी पहिल्यापासून सगळं सांगायचो. त्या दिवशी बावीस वर्षांत पहिल्यांदा खरंच सांगण्यासारखं होतं. आणि स्वयंपाकघरात कुणी नव्हतं. परत इथे यायचं म्हणजे परत तसं घरी जायचं. ते जमेना."

लवॉनने नाक पुसलं.

"मला वाटलं, तू फोन करशील," व्हर्लिन म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं. "आठवडाभर वाट बघितली. मग म्हटलं, पुढल्या आठवड्यात करेल. तू इथे खाली गटारं काढत होतास."

मला लाज वाटली. त्या दोनशे बारा पानांची वाटली, पुतळ्याची तर फारच. ज्या माणसासाठी म्हणून बांधत होतो तो तीन मैलांवर एकटा जेवत होता, आणि मी पाव किती ग्रॅमचा ते ठरवत होतो.

"तू काढ," मी म्हणालो, आणि पेन्सिल त्याच्यासमोर ठेवली. "दफनभूमी. मला नाही येणार. कुठे हवी ते तू सांग, तेच खरं."

त्याने पुन्हा नकाशा बघितला. मग खोडरबर घेऊन पश्चिमेची गाळीव दारूवाल्यांची पेठ पुसायला लागला. त्या पेठेला माझे सात महिने गेले होते. तिच्या खालची गटारं सगळ्या शहरात उत्तम होती. मी खोडरबराचा चुरा फुंकून बाजूला केला.

"इथे ऊन येतं संध्याकाळचं," व्हर्लिन म्हणाला, आणि रेघ मारायला लागला.

मग खेळ सुरू झाला. व्हर्लिनने नवं माणूस ठरवलं, थडगी खणणारा, नाव अजून नाही, पाठ दुखते. लवॉनने त्याला विचारलं की खड्ड्याचे किती घेतोस. पाओने आग विझवली, म्हणजे सुपानेच, ते पातेलं वाया गेल्याचं दुःख लवॉनला शेवटपर्यंत होतं. साडेचारला बाहेर काळोख झाला आणि सगळे उठले. व्हर्लिनने कॉफीचा मग विसळून पालथा घातला. दारात मला म्हणाला, "पुढच्या शनिवारी?" मी हो म्हटलं. नाताळापर्यंत मोजकेच शनिवार होते, ते दोघांनाही ठाऊक होतं.

आर्डिस वर भांडी आवरत होती. मी घड्याळाकडे बघितलं. त्याला घरी पोचायला दहा मिनिटं, बूट काढायला पाच, दिवे लावायला एक. मग फोन केला.

"काय रे, काही विसरलो का?" व्हर्लिन म्हणाला.

"नाही," मी म्हणालो. "कोण मेलं आज?"

पलीकडे काहीच आवाज आला नाही. मला वाटलं, चुकलो, हे माझं नव्हतं विचारायला. मग खुर्ची सरकवल्याचा आवाज आला आणि तो बसला.

"कुणी नाही," तो म्हणाला. "पण ऐक तर, एक शहर होतं. बाहेर इतकं धुकं, आणि आत शिरतो न शिरतो तो लवॉनला भूक लागली."

त्याने पहिल्यापासून सांगितलं, काहीही न गाळता. मी जणू तिथे नव्हतोच, असं ऐकत राहिलो, आणि मधे मधे विचारत राहिलो, मग?