कंट्रोल क्रमांक चार

घरात त्याला सगळे ‘डॉक्टर’ म्हणत. तो पीएचडीवाला डॉक्टर होता, पण नातेवाईक असले बारकावे पाळत नाहीत. मामा अजूनही त्याच्यापुढे गुडघा उघडा करून बसत. विषय विचारला की तो नुसतं ‘प्रथिनं’ म्हणे. कुणाची, हे सांगितलं की समोरचा चहा घाईने संपवतो, हा त्याचा अनुभव होता.

तर शुक्राणूंची. शुक्राणू बीजांडापर्यंत पोचला की काम झालं, असा समज आहे. ते निम्मंच काम. त्याच्या डोक्यावरचं एक प्रथिन बीजांडावरच्या प्रथिनात अडकावं लागतं, तरच दोघं एक होतात. नाहीतर हा दारात येतो, शेपटी हलवतो आणि तिथेच संपतो. प्रयोगशाळेत या प्रथिनाला सगळे ‘कडी’ म्हणत. डॉक्टर अकरा वर्षं या कडीमागे होता.

लग्नाला नऊ वर्षं झाली होती, मूल नव्हतं. दोष कुणाचा हा प्रश्न पहिल्या वर्षीच निकालात निघाला होता, कारण त्याचा रिपोर्ट आला होता: मिलीलीटरला नऊ कोटी, वेग उत्तम. आईने तो लॅमिनेट करून त्याच्या पदव्यांच्या फायलीत लावला. मग ओघानेच सगळं बायकोवर आलं. रक्त, सोनोग्राफी, नळ्यांचा एक्स-रे, इंजेक्शनं. आता येत्या शुक्रवारी तिला भूल देऊन पोटात दुर्बीण घालणार होते.

“आत काहीतरी असणारच,” आई म्हणाली. “बाहेरून तर काही सापडत नाही.”

मूल न होणाऱ्या पुरुषांचे नमुने तपासायचे तर शेजारी ताडून बघायला निरोगी पुरुषाचा नमुना लागतो. त्याला कंट्रोल म्हणतात. देणारे बहुधा प्रयोगशाळेतलेच; नाव नाही, नुसता क्रमांक. निरोगी कुणाला म्हणायचं, हा नियम डॉक्टरनेच लिहिला होता. आधीच्या मसुद्यात ‘स्वतःचं मूल असलेला’ अशी अट होती. ती खोडून त्याने ‘संख्या व वेग योग्य’ असं केलं, कारण त्या अटीत तो स्वतः बसत नव्हता आणि ते बरं दिसलं नसतं. अशा रीतीने तो क्रमांक चार झाला.

रंग घातला की कडी सूक्ष्मदर्शकाखाली हिरवी चमकते. सोमवारी रुग्णांचे बाराही नमुने चमकले, पहिले तीन कंट्रोलही. कंट्रोल चार काळाठिक्कर.

“चारला रंग नीट लागला नसेल,” विभागप्रमुख मॅडम म्हणाल्या. मंगळवारी रंगाची नवी बाटली फोडली. तरी चार काळाच.

“जिवंत होते तेव्हा काय पळत होते हो चारचे,” टेक्निशियन बाई म्हणाल्या. “शर्यतीचे घोडे. जाऊन करणार काय, देव जाणे.”

डॉक्टरने नुसतं “हं” केलं.

बुधवारी त्याने स्वतः करून पाहिलं. तेच.

“चारला वगळा,” मॅडम म्हणाल्या. “बाकीचे तीन पुरेत.”

“पण त्या माणसाला कळवायला नको?”

“नियमात आहे का तसं?”

नियमात नव्हतं. तोही त्यानेच लिहिला होता.

संध्याकाळी बायको गणिताचे पेपर तपासत बसली होती.

“शुक्रवारी नको जाऊस,” तो म्हणाला.

“रजा टाकलीय.”

मग त्याने सांगितलं. ती गुणांची बेरीज करत ऐकत राहिली.

“म्हणजे नऊ कोटी, आणि कडी एकालाही नाही.”

“ढोबळमानाने तसंच.”

“यात ढोबळ काय? कधी कळलं?”

“सोमवारी.”

“आज बुधवार आहे.”

“खात्रीसाठी तीनदा करावं लागतं.”

“माझ्या नळ्या एकदाच बघून बंद ठरवल्या होत्या. सहा महिन्यांनी उघड्या निघाल्या.”

तो म्हणाला, “उपाय आहे. शुक्राणू सुईने थेट बीजांडात सोडतात. कडी लागतच नाही.”

“आणि बीजांड कुठून काढतात?”

“तुझ्यातूनच.”

“छान. दोष तुझ्यात, सुई मला.” तिने पुढचा पेपर ओढला. “ते मी ठरवीन, सवडीने. आधी आईंना सांग. आत्ता जा.”

आई आत कपड्यांच्या घड्या घालत होती.

“आई, दोष माझ्यात आहे. एक प्रोटीन नाहीये.”

“एवढंच ना? अंडी खा. दूध घे.”

“खाऊन येत नाही ते.”

आईने एक टॉवेल घडी करून ठेवला. “तरी मी म्हणत होते, तिने या घरात कडधान्यं फार कमी केलीत.”

“जन्मापासून नाहीये, आई. तिचा संबंध नाही.”

“बरं बाबा, नाही तर नाही. पण शुक्रवारची वेळ मिळालीच आहे, तर तिचंही आत बघून घेऊ दे. नुकसान काय त्यात?”

अकरा वर्षांत इतका साधा प्रश्न त्याला कुणी विचारला नव्हता, आणि त्याचं उत्तर त्याला द्यावं लागलं नाही. बाहेर बायको दवाखान्याशी फोनवर बोलत होती.

“हो, शुक्रवारचं रद्द. नाही, पुढची तारीख नको. कारण? लिहा ना, पेशंट चुकीचा होता.”