अव्वासकट

माझ्या मुलीचं नाव लच्चव्वा. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, पुढं सोय नाही.

बारसं माझ्या माहेरी होतं, एकविसाव्या दिवशी. सासरची माणसं करीमनगरहून आली ती नाव ठरवूनच. माझी नणंद, भाग्या अक्का, शाळेत मास्तरीण. तिनं मोबाइलमधून नाव हुडकून आणलं होतं : त्रिशिका. मी अर्थ विचारला, तर म्हणाली, "अर्थ कशाला? कानाला गोड लागतं ना!"

मी म्हटलं, "अक्का, नाव ठरलंय. माझ्या आईचं."

आई झोळीची गाठ आवळत होती. तिचे हात तिथंच थांबले.

"लच्ची?" अक्का म्हणाली. "आमच्या घरात लच्ची? अगं, धुणीभांडी करणारीला लच्ची म्हणतात. हजेरी घेताना वर्ग खो खो हसेल."

"मास्तरीण हसली नाही, तर वर्ग कशाला हसतोय? आणि लच्ची नाही. लच्चव्वा."

दोन्हींत फरक काय, असं विचारणाऱ्यानं आमच्या वस्तीत एक दिवस राहून बघावं. आमच्याकडं अव्वा म्हणजे आई. नावाला अव्वा जोडली की बाईमाणूस झाली. गढीवाले जमीनदार आमच्या बायकांची नेमकी तेवढीच छाटायचे. पोचव्वाची पोची, राजव्वाची राजी. साठीची म्हातारी असली तरी गढीवरचं शेंबडं कार्टं तिला "ए पोची" म्हणणार, आणि म्हातारी पदर सावरत "आले, मालक" म्हणणार. मालक कधीच हैदराबादला गेले. छाटलेलं मात्र छाटलेलंच राहिलं. मतदार यादीत आई लच्ची. रोजगार हमीच्या कार्डावर लच्ची. माझ्या दहावीच्या दाखल्यावर, आईचं नाव : लच्ची. ते दुरुस्त करायला गेले, तर कारकून म्हणाला, "एकच की गं. नसता उद्योग." मी विचारलं, "साहेब, तुमच्या दाखल्यावर तुमच्या आईचं नाव अर्धं आहे का?" त्यानं खिडकी लावून घेतली.

अक्काशी मी दिवसभर भांडले असते. पण आडवी आली ती आईच.

"पोरी, दगड ठेव, धोंडा ठेव. हे नको."

"का, अव्वा?"

"हळदीच्या रानात चाळीस वर्षं ऐकलंय ते. ती हाक आली की माझी पाठ आपोआप वाकते. तिची कशाला वाकवतेस?"

संताप आला, आणि कुणावर काढायचा ते कळेना.

"ती हाक तुझ्या नावाची नव्हतीच," मी म्हटलं. "अर्ध्या नावाची होती. पुऱ्या नावानं तुला कुणी हाक मारली, सांग."

तिनं आठवून बघितलं. "तुझा बाप मारायचा. भांडताना."

"मग भांडताना तरी तुला माणसात धरायचा!"

बायका हसल्या. आई हसली नाही, पण पुन्हा "नको" म्हणाली नाही.

आमच्यात बाप ताटातल्या तांदळात अंगठीनं नाव लिहितो. माझा नवरा, तिरुपती, अंगठी घेऊन बसला. एकदा बहिणीकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. तसा भला माणूस, पण बहिणीपुढं त्याची मान नंदीबैलाची. आज मात्र म्हणाला, "अक्का, बाळंतपण हिनं सोसलंय. हिच्या मनासारखं होऊ दे." आणि लिहायला लागला.

अक्षर गाडीच्या चाकाएवढं काढायची सवय. ल आणि च्च यांतच ताटाची कड आली.

"जागा संपली गं," तो म्हणाला. "वर एक वेलांटी देतो, लच्ची होईल. तांदळातच तर आहे. कागदावर पुरं लिहू."

माझ्या मस्तकात तिडीक गेली.

"जागा संपली? त्यांचीपण संपायची. यादीत जागा नाही, कार्डावर जागा नाही, तोंडात जागा नाही. तू माझ्या पोरीचा बाप आहेस की गढीवरचा मुनीम?"

ताट उचललं आणि तांदूळ सगळे नव्या चादरीवर ओतले. "अगं अगं, अपशकुन!" अक्का किंचाळली. मी दोन्ही हातांनी ते पसरले, चांगले हातभर लांब.

"लिही आता. किती जागा पाहिजे?"

त्यानं लिहिलं. तीनदा लिहायचं असतं. तिन्ही वेळा मी त्याच्या डोक्यावर उभी होते. शेवटचं व्वा सगळ्यात मोठं आलं.

पोर झोळीत रडायला लागली. अक्का वाकली आणि गोड आवाज काढून म्हणाली, "काय झालं गं लच्ची? भूक लागली लच्चीला?"

"लच्ची नाही, बाई."

आवाज आईचा होता. व्याह्यांच्या माणसांपुढं जी डोळे वर करत नाही, ती बोलली होती.

"लच्चव्वा. पुरं म्हणा."

अक्काचा चेहरा उतरला. "एवढ्याशा जिवाला एवढं मोठं नाव," ती पुटपुटली.

"जीव वाढतो," आई म्हणाली. "नाव वाढत नाही. साठ वर्षं वाट बघितली मी."

तिरुपती चादरीवरचे तांदूळ निरखत बसला. अक्का जेवली, पान खाल्लं आणि निघाली. जाईपर्यंत तिनं नाव घेतलं नाही. नको घेऊ दे. तिचं तोंड, तिची मर्जी. कागद मात्र तिच्या मर्जीवर चालणार नाही.

बुधवारी जन्माच्या दाखल्यासाठी मी पंचायतीत निघाले, तर आई आधीच चपला घालून दारात उभी. हातात रोजगार हमीचं कार्ड.

"तू कुठं?"

"लिहिणाऱ्याकडं. आधी माझं दुरुस्त करू दे, मग नातीचं."