सत्ताविसावं जाकीट

ऑपरेशन थिएटरमध्ये चौतीस वर्षं काढून सिस्टर निवृत्त झाल्या, त्यालाही आता सहा वर्षं झाली होती. तरी गल्लीपासून नात्यागोत्यापर्यंत सगळे त्यांना सिस्टरच म्हणत. लग्न केलं नव्हतं. जवळचं माणूस म्हणजे धाकटी बहीण. बेटाबेटांतून हिंडणाऱ्या छोट्या जहाजाची ही आठ दिवसांची सहल दोघींनी मिळून ठरवली होती, एकसारख्या टोप्यासुद्धा घेतल्या होत्या. निघायला तीन दिवस उरले आणि धाकटीची लेक दिवस भरायच्या आतच बाळंत झाली.

"ताई, तू तरी जा गं. माझ्यापायी तुझा हिरमोड नको," धाकटी फोनवर म्हणाली. मागून कोणीतरी तिला हाका मारत होतं.

सिस्टर एकट्याच गेल्या.

जहाजावर त्यांच्यासकट सत्तावीस प्रवासी. बाकी सगळी जोडपी, नाहीतर सहकुटुंब. सिस्टरच्या खोलीत दोन पलंग होते. यादीत नावं दोन राहिली होती, म्हणून खोली आवरणारा रोज दोन्ही पलंगांवरच्या चादरी बदलायचा. सिस्टरनी त्याला एकदा सांगितलं, दोनदा सांगितलं, मग नाद सोडला.

जेवायला चौघांचं टेबल. तिथे त्यांच्या वाट्याला एक निवृत्त बँक मॅनेजर आणि त्यांची बायको आली. मॅनेजरसाहेब एकदा सुरू झाले की थांबायचं नाव घेत नसत. पण निदान मधेच कोणी "जरा मीठ द्या हो" म्हणायला तरी होतं. तिसऱ्या दिवशी त्या दोघांना पत्ते खेळणारं एक जोडपं भेटलं.

"आम्ही आजपासून त्यांच्याकडे बसतो. रागावू नका हं सिस्टर," मॅनेजरीणबाई म्हणाल्या.

"छे हो, त्यात रागवायचं काय!"

वाढप्याने येऊन उरलेल्या तीन ताटल्या उचलून नेल्या. चमचेसुद्धा नेले. त्या आवाजाकडे कोणी वळूनही पाहिलं नाही. सिस्टरनी मान खाली घालून जेवण उरकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बेटावर उतरायचं होतं. शिडीपाशी एक फळा होता, त्यावर प्रत्येक प्रवाशाच्या नंबरची पट्टी. उतरताना आपली पट्टी लाल बाजूला फिरवायची, परत आलं की पांढऱ्या. फळ्यावर लाल उरलं नाही की जहाज निघणार, असा साधा हिशोब. हे खातं ज्याच्याकडे होतं तो अधिकारी पन्नाशीचा, कमी बोलणारा. प्रत्येकाची पट्टी फिरताना तो बघायचा आणि ओठांतल्या ओठांत मोजायचा. सिस्टरना ते ओळखीचं वाटे. पोट शिवण्याआधी आत काही राहू नये म्हणून त्यांनीही अशाच कापसाच्या घड्या मोजल्या होत्या, आयुष्यभर.

त्या दिवशी नेमका रबरी होडीचा दोर अडकला आणि अधिकारी तिकडे धावला. सिस्टर फळ्यासमोर उभ्या राहिल्या. हात वर गेला. मग त्यांनी तो खाली घेतला आणि तशाच शिडी उतरल्या. पट्टी पांढरीच राहिली. विसरल्या नव्हत्या. बघू या, एवढंच मनात आलं होतं.

किनाऱ्यावर ऊन मी म्हणत होतं. गाईडबाई छत्री उघडून पुढे, तिच्यामागे सगळे नारळींतून धबधब्याकडे निघाले. सिस्टरचा गुडघा अर्ध्या वाटेतच कुरकुरायला लागला. एका घराच्या अंगणात झाडाखाली त्या टेकल्या. कोणाला काही बोलल्या नाहीत, कोणी मागे पाहिलंही नाही. होडीत बसताना घातलेलं नारिंगी लाइफ जाकीट त्यांनी काढून मांडीवर घेतलं.

तासाभराने खालच्या वाटेने मंडळी परतताना ऐकू आली. मॅनेजरसाहेबांचं हसणं स्पष्ट ओळखू येत होतं. एक हाक पुरली असती. सिस्टरनी तोंड उघडलं आणि मिटलं.

आवाज लांब गेले तसं त्यांनी जाकीट उचललं. उठून त्या लंगडत किनाऱ्याकडे निघाल्या. पोचल्या तेव्हा रबरी होड्या वर चढवलेल्या होत्या आणि जहाजाने तोंड फिरवलं होतं. "अहो, थांबा!" त्या ओरडल्या, जाकीट हलवलं. जहाज लहान होत होत टोकाआड गेलं. फोन खोलीतच राहिला होता.

आता त्यांना रडू आलं. आपलीच खोडी, आपल्यालाच भोवली. पण त्याहून जास्त वाईट याचं वाटलं की आत्ता जेवणाची घंटा झाली असेल, सगळे हात धुऊन बसले असतील, आणि एक टेबल रिकामं आहे हे कोणाच्या गावीही नसेल.

त्या अंगणात परतल्या. घरातली बाई नारळ फोडून खोबरं वाळत घालत होती. भाषा एकमेकींची कळत नव्हती. बाईने समुद्राकडे बोट दाखवून भुवया उंचावल्या: बाकीचे? सिस्टरनी एक बोट वर केलं: मी एकटीच. बाईने त्यांना शहाळं दिलं, पाट दिला आणि पुन्हा कामाला लागली. नुसतं किती बसणार? सिस्टर तिच्या शेजारी बसून खोबऱ्याच्या वाट्या उन्हाकडे फिरवत राहिल्या. मधे एकदा सवयीने मोजू लागल्या आणि चपापून थांबल्या.

ऊन कललं तेव्हा किनाऱ्याकडून शिट्ट्या ऐकू आल्या. एक रबरी होडी येत होती. ती टेकायच्या आतच अधिकाऱ्याने गुडघाभर पाण्यात उडी मारली. चेहरा पांढराफटक.

"बऱ्या आहात ना?" त्याला धाप लागली होती. "जाकिटं वाळत घालायला घेतली, तर सव्वीसच. चारदा मोजली. मग तुमची खोली उघडली. माझी चूक झाली, सिस्टर. फळ्यापासून हलायलाच नको होतं मी."

सिस्टरनी जाकीट त्याच्या हातात दिलं.

जहाजावर सगळे कठड्याशी उभे होते. टाळ्या झाल्या. मॅनेजरीणबाईंनी डोळे पुसत मिठी मारली, "आजपासून आमच्याच टेबलावर बसायचं, काही ऐकणार नाही!" कोणी चहा आणला, कोणी गुडघ्याला मलम. आणि सिस्टरना ते सगळं फार गोड वाटलं, हे त्यांना स्वतःशी कबूल करावंच लागलं.

मग कप्तानाने त्यांना आपल्या खोलीत बोलावलं. टेबलावर एक कागद होता.

"तक्रार लिहून तयार आहे, फक्त सही करा. फळ्यावरच्या अधिकाऱ्याला पुढच्या बंदरात उतरवतोय. अठरा वर्षं झाली त्याला नोकरीत, पण माणूस मागे राहणं म्हणजे गंमत नाही."

एक घडी कमी भरली तर डॉक्टर पोट शिवायचं थांबवत, आणि सगळ्यांच्या नजरा मोजणाऱ्या नर्सवर खिळत. ती नजर काय असते, ते सिस्टरना सांगायची गरज नव्हती.

"चूक त्यांची नाही. मी पट्टी फिरवलीच नव्हती."

"विसरलात. होतं असं." कप्तानाने मऊपणे सुटकेची वाट दाखवली.

"विसरले नाही. मुद्दाम फिरवली नाही."

"मुद्दाम? का?"

"कोणाच्या लक्षात येतं का, ते बघायचं होतं."

कप्तानाने कागद उचलला. मग तो फाडून त्याने नुसतं "या आता" म्हटलं.

जहाज ते केवढंसं! जेवणाच्या आत बातमी सगळीकडे झाली. मॅनेजरीणबाईंच्या टेबलाशी पाचवी खुर्ची कोणी मांडली नव्हती. कोणी लागट बोललं नाही. सिस्टर आल्या की बोलणं तेवढं थांबे आणि त्या पुढे गेल्या की सुरू होई.

सकाळी शिडीपाशी अधिकारी भेटला. त्याची नोकरी राहिली होती.

"माझ्यामुळे तुम्हाला..." सिस्टरनी सुरुवात केली.

"तुम्हाला काही झालं असतं तर?" तो एकदम म्हणाला. "परत येईपर्यंत माझ्या डोळ्यांसमोर काय काय आलं, ठाऊक आहे? तुमचं झालं बघणं. माझं काय?"

उत्तरासाठी तो थांबला नाही. त्या दिवशी सिस्टर बेटावर उतरल्याच नाहीत. सगळे गेल्यावर जहाजाच्या ऑफिसातून त्यांनी धाकटीला फोन लावला.

"ताई! मजा चाललीय ना?"

रोज या प्रश्नाला त्या "छान चाललंय" म्हणत. आज त्यांनी सगळं सांगितलं, पट्टीपासून कप्तानापर्यंत, काही न वगळता.

"ताई, अगं, तू अशी कधीपासून झालीस?"

"झाली बरीच वर्षं."

तेवढ्यात बाळ रडलं. "थांब हं, ठेवू नकोस," म्हणत धाकटीने फोन कुठेतरी टेकवला. सिस्टर ऐकत राहिल्या. नळ वाहत होता, एक भांडं पडलं, कोणी अंगाई म्हणता म्हणता शब्द चुकलं आणि हसलं. त्यांनी रिसीव्हर कानापासून हलवला नाही. किती वेळ गेला कोण जाणे.

"ताई, आहेस ना?"

"आहे," सिस्टर म्हणाल्या.