एका पातेल्यात दोन गट

वहीचं पान. नाव: नोक्डोंगवाली. वय: ७९.
सकाळची काढ्याची पिशवी प्यायलात का? हो.
संध्याकाळची? हो.
गुडघा किती दुखतो, शून्य ते दहा? सात. काल बारा.
(दहाच्या वर आकडा नाही असं सांगितलं. म्हणाली, मग ते गुडघ्याला सांग.)

कंसातला मजकूर माझा. सोडोंग गावच्या आरोग्यकेंद्रात मी एकटीच नर्स, एकवीस वर्षं झाली. वीस म्हाताऱ्यांच्या वह्या मीच भरत होते, कारण त्यांचे चष्मे नेहमी दुसऱ्याच कुणाच्या तरी डोळ्यांवर असतात. आमच्याकडे सुनेला माहेरच्या गावावरून हाक मारतात आणि ती ऐंशीची झाली तरी तेच नाव चालू राहतं. वहीवर खरं नाव लिहिलं, तर वही कुणाची हे त्यांनाच कळत नाही.

अभ्यास काय होता ते एका दमात सांगते. आमच्या डोंगरउतारावर बैलगुडघा उगवतो. आघाड्याच्या कुळातलं झाड, पेरापेराला बैलाच्या गुडघ्यासारखी गाठ. त्याचं मूळ उकळून प्यायलं की आखडलेले गुडघे सुटतात, असं इथे सगळेच म्हणतात. डॉक्टर प्यो हेवन विद्यापीठात वनस्पतींवर काम करतात. त्यांनी तीन वर्षं काचघरात एकाच वाणाची रोपं वाढवली, मुळात कोणतं द्रव्य किती ते मोजलं, आणि आता ते माणसाच्या गुडघ्यात खरंच काही करतं का ते बघायचं होतं. दहा जणींना खरा काढा, दहा जणींना खोटा. रंग तोच, कडूपणा तोच, औषध शून्य. कुणाला काय मिळालं हे मलाही ठाऊक नव्हतं आणि डॉक्टरांनाही. बारा आठवड्यांनी यादी उघडायची. अभ्यास बुडाला तर ते काचघर नोव्हेंबरात दुसऱ्या कुणाला तरी मिळणार होतं.

सहावा आठवडा. डॉक्टरांचा फोन.

"नर्सबाई, रक्ताच्या नळ्या नीट भरल्या होत्यात ना?"
"का?"
"प्रयोगशाळा म्हणते, वीसच्या वीस जणींच्या रक्तात मुळाचं द्रव्य आहे."
"दहा जणींच्या हवं होतं."
"हो ना! आणि आहे ते जितकं हवं त्याच्या दुप्पट!"

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने त्या आल्या. मी त्यांना थेट गावच्या सभाघरात नेलं, कारण अकरा वाजता सगळ्या तिथेच असतात. तिथली जमीन खालून तापवलेली असते, आणि घरात एकटीने जेवायचं तर भात गिळवत नाही.

दार सरकवलं. गॅसवर किमचीचं, म्हणजे कोबीचं लोणचं घालायच्या वेळचं मोठं पातेलं. त्याच्यापाशी महिला मंडळाची अध्यक्ष बल्ग्योवाली, वय त्र्याऐंशी, हातात स्वयंपाकाची कात्री. ती औषधाच्या पिशव्यांचे कोपरे कापून एकामागून एक पातेल्यात रिकाम्या करत होती. बाकीच्या एकोणीस जणी वाट्या घेऊन बसलेल्या.

"आजी, हे काय चाललंय?" डॉक्टरांनी विचारलं.

"औषध. बस. तूही घे वाटीभर, तोंड बघ कसं उतरलंय."

"पण प्रत्येकीने आपापली पिशवी प्यायची होती ना?"

बल्ग्योवालीने कात्री खाली ठेवली आणि आवाज उतरवला. "प्यायलो असतो. पण अर्ध्या पिशव्यांत औषधच नव्हतं, पोरी. करपलेल्या भाताचं पाणी आणि वर काहीतरी कडू. पहिल्याच घोटाला कळलं. आम्ही परकरात असल्यापासून हे मूळ धुतोय."

"मग मला का नाही सांगितलं?"

नोक्डोंगवाली आपल्या मोज्यांकडे बघत म्हणाली, "तुला लाज वाटली असती."

"मला? कशाची?"

"माल कमी पडल्याची," बल्ग्योवाली म्हणाली. "शहरातली मुलगी, काचेच्या घरात शेती. पीक कमी येतं, होतं असं. चारचौघींत कशाला बोलायचं? पातेल्यात ओतलं, सारखं वाटलं. पुरेना, म्हणून घरची मुळं टाकली."

"किती?"

"दोन मुठी."

"कुणाच्या मुठी?"

बल्ग्योवालीने मूठ वळून दाखवली. डॉक्टर प्योंनी डोळे मिटले.

"आजी, पहिल्याच दिवशी मी सांगितलं होतं, अर्ध्या पिशव्या खोट्या असतील. अभ्यासच तसा असतो. तुम्ही सह्या केल्यात."

"सांगितलंस की. पाहुणे आले आणि भात कमी असला की आपणही म्हणतो, मला भूकच नाही. आम्हाला वाटलं, तू त्यातलंच बोलतेयस." मग तिलाही राग आला. "आणि मला सांग, माझ्या वाटीत औषध, हिच्या वाटीत करपलेलं पाणी, आणि समोरासमोर बसून प्यायचं? कुठल्या घरात चालतं हे?"

डॉक्टर बाहेर जाऊन पायरीवर बसल्या, चाळीस चपलांच्या मधोमध. मी शेजारी टेकले.

"रक्ताचे नमुने गरम झाले, खराब झाले, असं लिहू या का?" मी म्हटलं.

त्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. "नर्सबाई, तुम्हीही त्यातल्याच."

विचलनाचा अहवाल. (अभ्यास ठरल्याबाहेर गेला की विद्यापीठाच्या समितीला पाठवायचा. नक्कल माझ्याकडे आहे.)
काय घडलं: सहभागींनी दोन्ही काढे एकत्र करून रोज वाटून घेतले. वर स्वतःची मुळं घातली.
कारण: ~~गैरसमज~~ ~~सूचना अपुऱ्या~~ भिडस्तपणा, दोन्ही बाजूंचा.
पुन्हा घडू नये म्हणून उपाय: एका गावाला एकच काढा. गाव खरं पिईल किंवा गाव खोटं पिईल. वाटायचं तर वाटू देत.

हा शेवटचा रकाना भरायला त्यांना चार दिवस लागले. समितीचं उत्तर आलं: सोडोंग वगळून सहा गावांत नव्याने सुरू करायला हरकत नाही. मात्र आधी खोटा काढा सुधारा. हे मूळ ओळखणाऱ्या माणसाला दहा वेळा दोन पेले द्या, एक खरा, एक खोटा. खोटा कुठला, हे त्याला अंदाजापलीकडे, म्हणजे दहात पाचेक वेळांहून जास्त, सांगता येता कामा नये.

मूळ ओळखणारं माणूस शोधायला लांब जावं लागणार नव्हतं.

"आजी," डॉक्टर म्हणाल्या, "या वेळी माझ्यावर दया म्हणून मुद्दाम चुकलात तर मी खरंच बुडाले."

"बरं," बल्ग्योवाली म्हणाली. आम्ही कुणीच विश्वास ठेवला नाही.

खोटा काढा क्रमांक एक. भाजलेला सातू. दहापैकी दहा ओळखले. "भांडी विसळलेलं पाणी."
क्रमांक दोन. सातू, सुकवलेला मुळ्याचा पाला. दहा. "पाल्याचा वास नाकात बसला. घालायला कुणी सांगितलं?" (नोक्डोंगवालीने. आता ती उघडपणे खरा काढा पिते आणि आकडा सहा सांगते.)
क्रमांक चार. नऊ. नववा चुकला तेव्हा बल्ग्योवाली म्हणाली, सर्दी झालीय.
क्रमांक सहा. दहा. "यात माती नाही. मूळ म्हटलं की शेवटी जिभेवर माती येते."
डॉक्टर प्योंनी वहीत लिहिलं: माती. आणि आठ दिवस गायब झाल्या.
क्रमांक सात. बर्डॉक नावाच्या भाजीची मातकट मुळं, सालीसकट, मंद आचेवर.

पडद्यामागे पेले भरायला मी. कुठला कुठे ठेवायचा हे नाणं उडवून ठरवायचं, आणि तोंड बंद. बल्ग्योवाली एक घोट या पेल्याचा घ्यायची, एक त्या पेल्याचा, आणि लगेच बोट दाखवायची. एकदाही अडखळली नाही. दहा झाल्यावर मी कागद बाहेर दिला.

"पाच बरोबर," डॉक्टर म्हणाल्या. "पाच चूक."

मी बल्ग्योवालीकडे बघत होते. दया म्हणून चुकली असती, तर तिने नक्की मान खाली घातली असती आणि म्हातारपणाला दोष दिला असता. ती तर टुणकन उभी राहिली. "पेले बदलले! नर्सबाईने पेले बदलले! पाच? मी? अगं नर्सबाई, तुझ्या आईने मला कोवळी पानं ओळखायला शिकवलं नव्हतं, मी तुझ्या आईला शिकवलं होतं!"

"आजी, त्यांनी नाही—" डॉक्टर म्हणाल्या.

"पुन्हा लाव! आत्ताच्या आत्ता लाव, पडदा काढून!"

"पडदा काढता येत नाही, आजी."

"मग राहू दे पडदा. लाव!"

पुन्हा लावले. चार बरोबर, सहा चूक.

ती पेल्यांकडे बघत राहिली, तोंडात जीभ फिरवत. डॉक्टर प्यो कागदावर आकडा लिहीत होत्या आणि हसू दाबण्याच्या नादात चारचा काही भलताच आकडा झाला.

"हसतेस काय गं?" बल्ग्योवाली ओरडली.