सदतीस नंबरची जर्सी

विलीने जर्सी टेबलावर पसरली आणि सवयीप्रमाणे आधी काखेत पाहिलं. जुना घाम, पिवळा पडलेला. मग गळा, मग कोपर. उजव्या खांद्यावर गवताचा हिरवा डाग, पाठीवर वाळलेली काळी माती. सगळ्यात वाईट अवस्था छातीची होती. सदतीस आकड्याच्या भोवती करडा, तेलकट थर बसला होता, जणू येताजाता कोणीही हात पुसले होते. चांगली वस्तू नीट ठेवता आली नाही या लोकांना, असं त्याच्या मनात आलं.

पार्सल सकाळी दत्तारामने आणलं होतं. दत्ताराम कंपनीचा ड्रायव्हर, राजापूरचा. दुबईत घरोघर पोस्टमन फिरत नाही, म्हणून विलीने मुलाच्या, अ‍ॅशलेच्या, कॉलेजला पत्ता दिला होता तो कंपनीच्या पोस्ट बॉक्सचा. त्यामुळे अमेरिकेहून जे काही येई ते डिस्कव्हरी गार्डन्सच्या घरी जाण्याआधी अल क्वोजच्या या लाँड्रीत येई. इथे आठ हॉटेलांचे कपडे धुतले जात, आणि सव्वीस वर्षं विली इथे डाग काढत होता.

"घरी जाऊनच उघडा, विलीभाऊ," दत्ताराम म्हणाला होता. "वहिनींच्या समोर."

"नुसतं बघतो. रस्त्यात काही डॅमेज झालं नाही ना."

वर एक पाकीट होतं. ते त्याने न उघडता खिशात घातलं. तिकडून येणाऱ्या प्रत्येक कागदावर सांत्वनाचा एकच मजकूर असतो हे त्याला आता पाठ झालं होतं.

अ‍ॅशले ओहायोतल्या एका लहानशा कॉलेजात शिकायला गेला आणि तिथल्या टीमने त्याला उचललं, ते त्याच्या उजव्या पायासाठी. खेळाचं नाव फुटबॉल, चेंडू पपईसारखा, आणि सगळे तो हाताने घेऊन पळणार. पाय लावायचा तो फक्त अ‍ॅशलेने, मॅचमध्ये चार-पाच वेळा. "म्हणजे एवढ्या मोठ्या टीममध्ये खरा फुटबॉल खेळणारा तू एकटाच की," असं विली त्याला फोनवर चिडवायचा. या वर्षी टीम पहिल्या पाचही मॅच जिंकली. पाचवीच्या दुसऱ्या दिवशी, ऑक्टोबरातल्या रविवारी, मित्राची गाडी ओल्या रस्त्यावरून घसरली. मित्र वाचला, अ‍ॅशले गेला.

टीम खेळत राहिली. दर रविवारी सकाळी कोचचा ईमेल येई. सहावी जिंकलो. सातवी जिंकलो. शेवटी दहापैकी दहा; टीमच्या एक्याण्णव वर्षांत असा सीझन कधी झाला नव्हता म्हणे. विली ते आकडे वाची, चहा पिई आणि कामावर जाई. त्याला वाईट वाटत नसे, राग येत नसे, काहीच होत नसे. त्याच्या बायकोचं, कॉन्सेप्टाचंही तेच होतं. ती क्लिनिकच्या रिसेप्शनवर बसे, लोकांना वेळा देई, घरी येऊन भात लावी. दोघं एकमेकांशी बोलत ते भाजी आणि बसच्या कार्डाबद्दल.

आज टेबलावर जर्सी होती आणि विलीच्या हातांना काम कळत होतं. त्याने माती ब्रशने झाडली. गवतावर स्पिरिट लावलं, पांढऱ्या फडक्याने टिपत टिपत हिरवा रंग उचलला. छातीवरच्या थराला अर्धा तास लागला. मग धुतली, वाळवली, वाफेची इस्त्री मारली, टिश्यू पेपर घालून घडी केली आणि हॉटेलच्या पाहुण्यांना देतात तशी प्लास्टिकच्या पिशवीत घातली. दत्ताराम बघून गेला. "एकदम नवीन झाली," एवढंच म्हणाला.

संध्याकाळी घरी त्याने पिशवी सोफ्यावर ठेवली आणि पाकीट कॅमिलाकडे दिलं. कॅमिला धाकटी, अकरावीतली. ती मोठ्याने वाचू लागली, आणि कॉन्सेप्टा हात पुसत येऊन बसली.

कोचने लिहिलं होतं की खेळाडूंची एक समजूत असते, जिंकत असेपर्यंत अंगातला कपडा धुवायचा नाही. अ‍ॅशले गेला तेव्हा त्याची जर्सी खुंटीवर होती, पाचव्या मॅचनंतर त्याने टांगली तशीच. ती कोणी काढली नाही. पुढच्या प्रत्येक मॅचला मैदानात जाण्याआधी सगळ्यांनी, एकूण त्रेसष्ट जणांनी, एकेक करून तिच्या छातीवर तळहात ठेवला. पाच मॅच. ती एकदाही धुतली नाही. तिच्यावर त्याच्या शेवटच्या खेळाची माती आहे. ती तशीच त्याच्या आईकडे जावी असं मुलांनी ठरवलं.

कॅमिलाने पिशवीकडे पाहिलं.

"डॅड, यू वॉश्ड इट?"

"हो."

कॉन्सेप्टाने पिशवी फाडली. जर्सी नाकाशी धरली, गळ्याजवळ, मग काखेत, मग छातीवर. विलीला ठाऊक होतं तिला कसला वास येतोय तो. आठ हॉटेलांच्या टॉवेलांना येतो तोच.

"सगळं गेलं?" तिने विचारलं.

"गेलं."

डाग निघाला की हा शब्द सव्वीस वर्षं त्याने मिजाशीत उच्चारला होता. आता त्याला वाटलं, तिने ओरडावं, काहीतरी फेकून मारावं.

"मी लेटर वाचलंच नाही, कॉन्सेप्टा. टेबलावर आली आणि हात चालायला लागले. सॉरी."

जर्सी तिच्या मांडीवर होती.

"गावी वसईला पुरतानाही आपल्याला त्याची पेटी उघडू दिली नाही," ती म्हणाली. "सील होती. माझे पप्पा गेले तेव्हा त्यांना भावांनी अंघोळ घातली, कपडे चढवले. अ‍ॅशलेला कोणी घातली? तिकडच्या कुठल्या तरी माणसाने, ग्लव्हज घालून. नावसुद्धा माहीत नाही आपल्याला. मी रोज तोच विचार करते."

विली उभाच होता.

"मशिनला लावलीस?"

"नाही. हाताने."

"गार पाण्यात?"

माती गार पाण्यात सुटते, हे त्याच्या हाताखाली शिकलेलं कोणीही सांगेल. त्याने स्वतः शेकडो जणांना तेच शिकवलं होतं.

"कोमट घेतलं," तो म्हणाला. "आधी कोपर बुडवून बघितलं, तो बाळ असताना बघायचो तसं."

कॉन्सेप्टाने मान वर केली आणि त्याच्याकडे नीट पाहिलं, खूप दिवसांनी.

"बरं केलंस," ती म्हणाली, आणि सोफ्यावर सरकून तिने त्याला जागा दिली. विली बसला, आणि ऑक्टोबरपासून न आलेलं रडू त्याला तिथे आलं.